माशांना देवी आल्या तेव्हा

माझी आई दादांच्या ताटात जेवायची नाही, याचा मला कॉलेजात असताना फार अभिमान होता. दादा म्हणजे माझे वडील. परभणीत आमच्या गल्लीत, आणि बोरीला आमच्या गावी तर घरोघर, नवऱ्याचं जेवण झालं की बायको त्याच्याच उष्ट्या ताटात आपलं वाढून घ्यायची. आई मात्र दादा उठले रे उठले की त्यांचं पितळी ताट मोरीत नेऊन राखेनं घासायची, फळीवर पालथं घालायची आणि मग आपली जर्मनची थाळी घेऊन चुलीपाशी बसायची. मी वसतिगृहातल्या मैत्रिणींना ठणकावून सांगायचे, माझ्या आईनं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण तुमच्या सगळ्यांच्या आयांपेक्षा ती सुधारलेली आहे. एकदा सुट्टीत मी हेच आत्यापुढे म्हटलं. आत्या हसली नाही. तिनं मला माडीवर नेलं आणि खरं काय ते सांगितलं.

माझ्या आधी एक बहीण होऊन गेली होती, एवढं मला ठाऊक होतं. ती कशी गेली ते त्या दिवशी कळलं. निजामाचं राज्य नुकतंच संपलं होतं. बोरीत देवीची साथ आली आणि माझ्या बहिणीच्या अंगावर फोड उठले. ती तुरुतुरु चालायला, चार शब्द बोलायला लागलेली होती. घरात देवी आल्या की काय पाळायचं हे तेव्हा सगळ्यांना पाठ असायचं. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायचा, घरात फोडणी नाही, तळण नाही, डोक्याला तेल-फणी नाही, बाहेरचं माणूस आत नाही, आणि औषध तर नाहीच नाही. लेकराच्या अंगात देवी बसलेली असते. तिला गार ठेवायचं, लिंबाच्या पाल्यानं वारा घालायचा आणि ती आपल्या पायानं जाईपर्यंत हात जोडून वाट बघायची.

दादा नुकतेच परभणीला कचेरीत चिकटले होते. चार बुकं शिकलेले, तीही उर्दूत. त्यांना धीर निघेना. त्यांनी जिंतूरहून एका डॉक्टरला बैलांच्या दमणीत बसवून आणलं. आई दारात आडवी पडली होती, तिला ओलांडून डॉक्टर आत गेला आणि त्यानं सुई दिली. त्यानंतर लवकरच पोर गेली. आईचं म्हणणं एकच होतं, अंगावर देवी असताना लोखंड टोचलं, देवी कोपली. हे म्हणून ती भांडली नाही, माहेरी गेली नाही. तिनं फक्त दादांच्या ताटात जेवायचं सोडलं.

पुढे मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा एकदा मोठ्या हुशारीनं आईला समजावायला गेले होते. देवीवर औषध तेव्हा नव्हतं, नंतरही निघालं नाही. आधी टोचून घेणं एवढंच माणसाच्या हातात होतं. सुईनं ती गेली नाही आणि सुईनं वाचलीही नसती. आई सुपात ज्वारी पाखडत होती. तिनं सूप उचललं आणि ती अंगणात जाऊन पाखडू लागली. मी पुन्हा तो विषय काढला नाही. दादांनी तर जन्मात काढला नाही.

मी लग्न केलं नाही. का, हा वेगळा विषय आहे आणि तो गल्लीतल्या बायकांनी पुरेसा चघळून झालेला आहे. त्यामुळे दादा रिटायर झाले तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो, आणि तिघांनाही एकमेकांशी फार बोलायची सवय नव्हती. अशा घरात दादांनी मासे आणायचं ठरवलं. हैदराबादला डोळे दाखवायला गेले होते, तिथं दवाखान्यात नंबर येईस्तोवर एका काचेच्या पेटीसमोर बसले आणि पार खुळावून परत आले. कूलरच्या चौकटी करणाऱ्याकडून त्यांनी लोखंडी चौकट करून घेतली, काचवाल्याकडून काचा कापून आणल्या, लांबीचा लगदा भरून त्या बसवल्या. पेटी पहिले काही दिवस इतकी गळली की बैठकीत पोती अंथरून चालावं लागे. दुधना नदीच्या पात्रातली वाळू आणून त्यांनी ती तांदळासारखी धुतली. मग नांदेडहून, रेल्वेत मांडीवर बरणी धरून, मासे आले. काळे मोली, गप्पी, गुरामी आणि एक एंजल. एंजल म्हणजे चपटा, चंदेरी, खालीवर लांब मिशांसारखे पर असलेला मासा.

आई म्हणाली, "काचंत कोंडून जीव काय बघायचा? नदीला पाणी न्हाई का?"

"बघून तर जा एकदा," दादा म्हणाले.

ती गेली नाही. रोज संध्याकाळी दादा बैठकीत पेटीसमोर बसत. हवेचा पंप घुरघुर करायचा. एंजल त्यांच्या बोटामागं काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. मधल्या दाराला पडदा होता आणि पडद्यापलीकडे आई भाकरी थापत असायची. वर्षानुवर्षं मी ते दोन आवाज एकत्र ऐकले, पंपाचा आणि भाकरीचा. मला ते घर शांत वाटायचं. आता वाटतं, शांत नव्हतं, थिजलेलं होतं.

दादा हृदयविकारानं गेले, एकाएकी. दिवस-कार्य झालं, बोरीचे पाहुणे गेले. पाहुणे गेल्यावर मी शाळेतून आले तर आई बैठकीत पेटीसमोर पाट टाकून बसली होती. माशांना भाकरीचा चुरा घालत होती. मी ओरडले, पाणी नासतं म्हणून, त्यांचं खाणं डब्यात आहे म्हणून.

"रोज तेच कोरडं खायाचं व्हय त्यायनी?" ती म्हणाली. मग एंजलकडे बोट करून, "ह्यो मिशावाला माझ्याकडं बघायलाय कवाचा."

तो बोटाकडे बघत होता. दादांचं या घरात जिवंत असं आता तेवढंच उरलं होतं. त्या दिवसापासून आईचा मुक्काम तिथंच. भाजी तिथं निवडायची, वाती तिथं वळायच्या. आणि बोलायची. ज्वारी कशी आली, शेजारणीची सून कशी उलटून बोलली, पाणी आज पिवळं आलं. बाई जन्मभर नवऱ्याशी जेवढं बोलली नाही तेवढं त्याच्या माशांशी बोलत होती. मला मासे पाळायचा कधीच नाद नव्हता, पण त्या पेटीत एक मासा जरी उलटा तरंगला तरी मी हातातलं टाकून पेटीपाशी धावायचे. ते गेले तर आई बोलणार कुणाशी?

थंडी सरत आली होती, उरूस भरला होता. आई शेजारणीबरोबर उरुसात गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक एंजल घेऊन आली. मिशावाल्याला जोडी नाही, हे तिला बरेच दिवस खुपत होतं. मी शाळेत होते. दादा असते तर त्यांनी नवा मासा आधी बरेच दिवस न्हाणीतल्या बादलीत वेगळा ठेवला असता, ती त्यांची शिस्तच होती. पण ते बादलीत काय करतात हे आईनं कधी पडदा सारून पाहिलंच नव्हतं. तिनं तिच्या शिस्तीनं केलं. दारात पिशवीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, नवरी घरात घेतात तसा, आणि पिशवी पाण्यासकट पेटीत रिकामी केली. मी आले तेव्हा ती इतकी खुशीत होती की मलाही हसू आलं. म्हटलं, "उखाणा घेतला का सूनबाईनं?"

"घेईल की. लाजायलीय सध्या," आई म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी शाळेतून आले तर दाराला लिंबाचा डहाळा. आई उंबऱ्यात उभी, केस मोकळे. ती दबक्या आवाजात म्हणाली, "चप्पल भाईरच काढ. हातपाय धू. घरात देवी आल्यात."

मला वाटलं शेजारच्या पोराला कांजिण्या आल्या आणि आई त्याला इकडे घेऊन आली की काय. तिनं मला हाताला धरून पेटीपाशी नेलं. काळ्या मोलीच्या अंगावर पांढरे ठिपके होते, काळ्या चोळीवर रवा सांडल्यासारखे. उरुसातल्या एंजलच्या परांवर तर दाटच होते. मासे वाळूला, दगडाला अंग घासत होते.

"खाज सुटलीय त्यायला," आई म्हणाली. ती माशांकडे बघतच नव्हती. ती दुसरंच काहीतरी बघत होती, बोरीच्या घरातलं.

एक गप्पी मेली होती. ती मी बाटलीत घालून शाळेत नेली आणि प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली धरली. एक ठिपका सुईनं सोडवला तर आतून गोल, केसाळ किडा निघाला. स्वतःभोवती सावकाश गरगरत होता. पोटात घोड्याच्या नालासारखा एक ठसा. दादांच्या कपाटात मासे पाळण्यावरचं एक पुस्तक होतं, त्यात याचं वर्णन सापडलं. हा किडा माशाच्या कातडीखाली घर करतो. तिथं असेपर्यंत त्याला कुठलंच औषध लागू पडत नाही. पोट भरलं की तो गळून तळाला बसतो, कवच करतो आणि त्या कवचातून शेकड्यांनी पिल्लं निघतात. ती पोहत नवा मासा शोधतात. मारायचा तर तेवढ्या वेळात, तो बेघर असताना. थंडीत हा फेरा रेंगाळतो, पाणी कोमट केलं की लवकर उरकतो. म्हणून पाणी तापवायचं, खडे मीठ घालायचं, निळं औषध टाकायचं, तळातली घाण नळीनं ओढत राहायचं. निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, आमच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या रंगवायला होतंच. काही अवघड नव्हतं.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. मोर्चा, बंद, बंदोबस्त यातलं काही ना काही चालू असायचं, आणि त्या आठवड्यात एक दिवस शाळा बंद राहिली. मुख्याध्यापिका बाईंना विचारून मी सूक्ष्मदर्शक घरी आणला. आईला म्हटलं, ही तुझी देवी, ये बघायला. तिनं पदर सावरून नळीला डोळा लावला. बराच वेळ लावूनच बसली.

"गरगर फिरायलंय काहीतरी."

"किडा आहे तो. केसाळ किडा."

आई मागं सरकली आणि तिनं सूक्ष्मदर्शकाला हात जोडले.

मी कपाळावर हात मारून घेतला. मग माझा उपाय सांगितला, आणि तो सांगताना माझ्या लक्षात आलं की त्यातला एकेक शब्द तिच्या कानाला पाप आहे. ऊन पाणी. मीठ. औषध. देवी अंगावर असताना लेकराला गार ठेवायचं, आणि मी पाणी तापवायला निघाले होते.

तरी मी पेटीवर पत्र्याचं झाकण घालून आत बल्ब सोडला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर बल्ब बंद, पेटीला चारी बाजूंनी लिंबाच्या डहाळ्या आणि पाण्यावर लिंबाच्या पाल्याचा थर. आई पाल्यानं काचेला वारा घालत बसली होती. माझं डोकं फिरलं.

"आई, देवी गेली! जगातून गेली! सरकारनं जाहीर केलंय, आता कुणालाच येत नाही!"

"माणसाला येत न्हाई," आई म्हणाली. "मंग जाईल कुठं ती?"

मी बल्बच्या बटणाकडे हात नेला. आईनं माझा हात धरला नाही, ती जागची हललीही नाही. फक्त म्हणाली, "तुझ्या दादावानी नको करू, माय."

माझा हात तिथंच राहिला. मी जबरदस्तीनं औषध टाकलं आणि मिशावाला मेला, तर या घरात दुसऱ्यांदा तेच होणार होतं. दादांनी ते जन्मभर पेललं. मला पेललं नसतं, आणि आईला कुणाला दोष द्यायला माझ्याखेरीज माणूसही उरलं नव्हतं. मी पायरीवर जाऊन बसले. रडू आलं ते रागाचं की कसलं, कुणास ठाऊक.

थोड्या वेळानं आई बाहेर आली. तीच म्हणाली, "ज्यायच्या अंगावर आल्या न्हाईत, त्यायचं तू बघ. तुझ्या साळेतलं काय करायचं ते कर. ज्यायला आल्यात ते माझ्याकडं."

एवढं तिनं दिलं हेच पुष्कळ होतं. मी अंगावर एकही ठिपका न दिसणारे काही मोली आणि गप्पी चहाच्या गाळणीनं उचलले आणि मागच्या खोलीत कपडे धुवायच्या प्लास्टिकच्या टबात ठेवले. टबाला गोधडी गुंडाळली, वर बल्ब टांगला, मीठ विरघळवून थोडं थोडं घातलं, निळं औषध टाकलं. लाईट तर सारखी जायची. मग स्टोव्हवर पाणी तापवून बाटल्यांत भरायचं आणि त्या बाटल्या टबात सोडायच्या. माझी बोटं निळी झाली, रंग काही निघेना. वर्गात मुली विचारायच्या, बाई, शाईची दौत सांडली का?

ज्यांच्या अंगावर दिसत नव्हते त्यांच्याही अंगावर टबात आल्यावर ठिपके उठले, कारण पिल्लं आधीच आत शिरलेली होती. एक मोली मेला, मग दोन्ही मोठ्या गप्पी. मला वाटलं सगळं हातचं गेलं. पण मी नळीनं तळ ओढत राहिले, मीठ-पाणी करत राहिले.

पुढच्या खोलीत आईचं चाललं होतं. घरात फोडणी बंद झाली. दहीभात, बिनफोडणीचं वरण, पुन्हा दहीभात. आईनं डोक्याला तेल लावलं नाही. दारात आलेल्या बोहारणीला तिनं बाहेरूनच वाटेला लावलं. आणि तरी मासे मरत होते. आधी उरुसातली सूनबाई गेली, मग गुरामी. प्रत्येक वेळी आई काय चुकलं ते शोधायची.

"तू साळेत तळलेलं काही खाल्लंस का?"

"नाही, आई."

"आंघोळ न करता कुणी आत आलं का?"

"कोण येतंय आपल्याकडे?"

मग तिला वाटलं, शेजारणीच्या तळणाचा वास येतो. ती शेजारणीकडे गेली. शेजारीण आधी पदर तोंडाला लावून हसली, पण आईचा चेहरा बघून तिनंही कढई खाली ठेवली. गल्लीत एका घरात माशांसाठी भजी बंद झाली, असं परभणीत दुसरीकडे कुठं घडलं नसेल. मी तेव्हा चिडलेली होते. एखाद्या मुलीची वही तपासावी तशी आई स्वतःला तपासत होती, हे मला तेव्हाही दिसत होतं आणि बघवत नव्हतं.

शेवटी पेटीत मिशावाला एकटा राहिला. त्याचे पर विरून दोरे झाले होते. पंपाच्या बुडबुड्यांपाशी तो तिरका उभा राहायचा आणि कल्ले भराभरा हलवायचा. मी एकदाच म्हटलं, "आई, देतेस का त्याला माझ्याकडे?" तिनं नाही म्हणून मान हलवली. त्याच्या अंगावर देवी होती.

रविवारी दुपारी तो गेला. मी आतून ऐकलं, आईचा वारा घालायचा आवाज थांबला. बाहेर आले तर ती तशीच पाटावर बसलेली, हातात लिंबाचा पाला.

"काय राह्यलं व्हतं गं?" तिनं विचारलं.

"काही नाही, आई. तू सगळं केलंस."

"समदं पाळलं," ती म्हणाली. "सुई न्हाई, लोखंड न्हाई. फोडणी न्हाई. शेजारचीबी कढई उतरविली. तरी गेला."

पंप घुरघुरत होता. ती पेटीकडे बघत राहिली आणि मग अगदी हळू म्हणाली, "मंग त्यायनी काय केलं व्हतं?"

ती मला विचारत नव्हती. माझ्याकडे उत्तर होतं ते सगळं मी कितीतरी वर्षांपूर्वी तिला सांगून बसले होते आणि तेव्हा ती सूप उचलून अंगणात गेली होती. आता ते बरोबर निघाल्याचा मला काडीचा आनंद झाला नाही. दादांना जाऊन वर्ष होत आलं होतं. ज्यांनी हे ऐकायला हवं होतं त्यांना सोडून ते मी ऐकत होते.

आईनं पळीनं मिशावाल्याला उचललं, केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवलं आणि अंगणात शेवग्याखाली खुरप्यानं खड्डा केला. बाकीचे मासेही तिथंच पुरले होते. पण या वेळी ती म्हणाली, "मीठ आण."

लहान लेकराला पुरतात तेव्हा वर मीठ घालतात. मी माशांच्या औषधाला आणलेलं खडे मीठ ओंजळीत घेऊन आले. आईनं माझ्या निळ्या बोटांतून ते घेतलं, खड्ड्यात टाकलं आणि माती लोटली. माती दाबता दाबता म्हणाली, "तवा मीठ त्यायनीच आणलं व्हतं. माझ्याम्होरं धरलं. मी त्यायच्या हातातून घेतलं न्हाई. खाली ठिवा म्हनलं."

दादांनी ते खाली ठेवलं असेल. तो डॉक्टर सोडला तर ते तिचं ऐकायचे. मला एकदम ते तरुण दिसले, ओंजळीतलं मीठ वाकून जमिनीवर ठेवणारे. आई खुरप्याचा आधार घेत उठली आणि हात धुवायला गेली. मी शेवग्याला धरून रडले. या वेळी कशासाठी ते मला नीट कळत होतं.

संध्याकाळी मी मागच्या खोलीत टबाशी होते. उरलेल्या मोलींच्या अंगावर ठिपके नव्हते, नवे उठलेही नव्हते. काळेभोर, तुकतुकीत, ते बल्बखाली फिरत होते. आईला हाक मारावी का, असा विचार करत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून मोहरी तडतडल्याचा आवाज आला. लसणाच्या फोडणीचा वास घरभर झाला. इतक्या दिवसांनी तो वास आला तर माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याची लाजही वाटली.

मी पडद्यापाशी आले. आईनं फळीवरून दादांचं पितळी ताट काढलं होतं. वापराविना त्यावर हिरवट डाग चढले होते. तिनं ते चिंचेनं लख्ख घासलं होतं. त्यात तिनं भाकरी, फोडणीचं वरण, कांदा, कडेला मीठ असं वाढलं. ते ताट बैठकीत, रिकाम्या पेटीसमोर, दादा बसायचे त्या जागी ठेवलं. बाजूला पाण्याचा तांब्या. आणि स्वतः भिंतीला टेकून बसली.

माणूस जेवून उठायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती तशीच बसली. वरण गार झालं असेल. मग तिनं पदर खोचला, पुढं सरकली, ताट आपल्याकडे ओढलं आणि त्यातली भाकरी मोडली. मी पडद्यामागून पुढे गेले नाही.

दोन घास खाऊन झाल्यावर ती समोर बघत म्हणाली, "भाकर जराशी जाड झाली हाय आज."

हे ती मला म्हणाली नव्हती.